एस्प्रेसो यंत्र : बंबापासून ओट्यापर्यंत

१/
एस्प्रेसो ही इटलीची शतकानुशतकांची परंपरा आहे, असा समज जगभर रूढ आहे. २०२२ मध्ये इटलीच्या कृषी मंत्रालयाने युनेस्कोच्या अमूर्त वारशासाठी एस्प्रेसोचे नाव पुढे केले, तेव्हा तो आणखी दृढ झाला. प्रत्यक्षात वर सोनेरी साय धरणारी घोटभर दाट कॉफी १९४७-४८ पूर्वी सर्वसामान्य ग्राहकाला ठाऊक नव्हती. ही 'प्राचीन' परंपरा वयाने साधारण स्वतंत्र भारताएवढीच आहे. #धागा #इतिहास

२/
हे पेय यंत्राने घडवले; आधी पेय आणि मग त्यासाठी यंत्र, असा क्रम येथे नाही. आज स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिसणाऱ्या छोट्या एस्प्रेसो यंत्राचा प्रत्येक भाग कोणत्या ना कोणत्या दशकातील अडचणीचे उत्तर आहे. बॉयलर, मुठीची गाळणी, दट्ट्या, पंप, झडप. यंत्र निवडणे, वापरणे आणि धुणे या तिन्ही गोष्टींचे नियम याच इतिहासातून आले आहेत.

३/
आरंभ तुरीन शहरात. १८८४ च्या तुरीन प्रदर्शनात आंजेलो मोरिओंदो या हॉटेलमालकाने वाफेवर चालणारे कॉफीयंत्र मांडले. त्याच वर्षी त्याला पेटंट मिळाले. पेटंटच्या शीर्षकातच दोन विशेषणे होती : काटकसरीचे आणि तात्काळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील औद्योगिक युरोपची सगळी घाई या दोन शब्दांत सामावली आहे.

४/
मोरिओंदोचे यंत्र एकेक पेला करत नसे; मोठ्या घाण्यात एकदम कॉफी तयार करत असे. शिवाय त्याने ते बाजारात आणलेच नाही. स्वतःच्या हॉटेलात आणि बारमध्ये ते चालवले, गिऱ्हाईक खेचले आणि तेथेच थांबला. त्यामुळे पेटंट त्याच्या नावावर राहिले आणि कीर्ती दुसऱ्यांच्या.

५/
ती कीर्ती मिलानला गेली. लुईजी बेझेरा याने १९०१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्याच्या यंत्रात दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली, मूठ असलेली छोटी गाळणी, जी यंत्राच्या तोंडाला पिळून बसवता येई. दुसरी, त्या तोंडातून थेट पेल्यात उतरणारी एकेका गिऱ्हाइकाची कॉफी. आजच्या घरगुती यंत्रातील मूठदार गाळणी ही बेझेराचीच वंशज आहे.

६/
बेझेराकडे कल्पना होती, भांडवल नव्हते. देसिदेरिओ पाव्होनी याने पेटंटचे हक्क विकत घेतले आणि १९०५ पासून 'इदेआले' या नावाने यंत्रांचे उत्पादन सुरू केले. १९०६ च्या मिलान प्रदर्शनात हे यंत्र लोकांसमोर आले. 'एस्प्रेसो' या शब्दात दोन अर्थ मिसळले होते : खास तुमच्यासाठी, तुम्ही सांगितल्यावर केलेली; आणि झटपट केलेली.

७/
ही यंत्रे दिसायला कशी होती? जुन्या वाड्यातील न्हाणीघरातला तांब्याचा बंब डोळ्यांसमोर आणावा. उभा पितळी वा तांब्याचा बॉयलर, खाली जाळ, आत उकळते पाणी, वरच्या भागात कोंडलेली वाफ. फरक इतकाच की बंबातील पाणी मोकळे असते. येथे ते झाकणबंद होते. माथ्यावर गरुड, बाजूंना नक्षी आणि पोटात सतत धुमसणारा दाब.

८/
हा दाब किती? साधारण दीड बार, म्हणजे प्रेशर कुकरच्या शिट्टीपाशी असतो त्याहून थोडा अधिक. अडचण अशी की दाब वाढवायचा तर वाफ वाढवायला हवी आणि वाफ वाढवली की पाणीही अधिक तापते. शंभर अंशांपलीकडचे पाणी व वाफ कॉफीच्या भुकटीतून गेली की ती करपते. म्हणून त्या काळची एस्प्रेसो काळी, कडवट आणि सायीविना असे. गाळणीच्या कॉफीहून ती वेगाने होई, इतकेच.

९/
तरीही ती लोकप्रिय झाली, कारण तिने वेळ विकला. लिओनेत्तो काप्पिएल्लो या चित्रकाराने १९२२ मध्ये व्हिक्टोरिया आर्दुइनो कंपनीसाठी केलेले भित्तिपत्रक प्रसिद्ध आहे. धावत्या आगगाडीतून बाहेर झुकलेला प्रवासी यंत्रातून निघालेली कॉफी घेतो आहे. यंत्र, वाफ, वेग, आगगाडी : आधुनिकतेची सगळी चिन्हे एका चौकटीत. चवीविषयी भित्तिपत्रक मौन पाळते.

१०/
आता कथेत युद्ध येते. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी मुसोलिनीच्या सैन्याने इथिओपियावर आक्रमण केले. नोव्हेंबरमध्ये राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध लादले. परकीय चलनाची चणचण निर्माण झाली आणि राजवटीने स्वावलंबनाचा, म्हणजे 'आउतार्किया'चा, घोष अधिक तीव्र केला. आयात कॉफी ही या धोरणाला चैनीची वस्तू वाटणे स्वाभाविक होते.

११/
विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. अरेबिका कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातले. कॉफीची जन्मभूमी जिंकणाऱ्या देशातील सामान्य नागरिक भाजलेले जव आणि चिकरीची मुळे उकळून पीत होता. वसाहत जिंकली म्हणजे तिची संपत्ती घराघरांत पोहोचते, हा साम्राज्याचा दावा किती पोकळ असतो, ते एका पेल्यात दिसत होते. त्या विजयाची खरी किंमत मात्र इथिओपियाने मोजली : विषारी वायू आणि हजारोंचे प्राण.

१२/
याच दशकात कॉफीने इटालियन घरात प्रवेश केला, पण एस्प्रेसो यंत्राच्या रूपाने नव्हे. १९३३ मध्ये आल्फोन्सो बियालेत्ती याच्या कारखान्यातून 'मोका' हे अष्टकोनी अ‍ॅल्युमिनियमचे भांडे बाहेर पडले. नाव येमेनच्या मोखा बंदरावरून. खालच्या भागात पाणी, मध्ये भुकटी, वर कॉफी. चुलीवर ठेवले की काम झाले.

१३/
धातूची निवडही बोलकी आहे. अ‍ॅल्युमिनियमचे खनिज देशात उपलब्ध होते आणि फॅसिस्ट राजवटीने या धातूला राष्ट्रीय प्रतिष्ठा दिली होती. मोका घरोघरी पोहोचला तो मात्र युद्धानंतर, आल्फोन्सोचा मुलगा रेनातो याने जाहिरातीचा धडाका लावल्यावर. २०१६ मध्ये रेनातोचे निधन झाले तेव्हा त्याच्या अस्थी मोकाच्या आकाराच्या कलशात ठेवण्यात आल्या.

१४/
मोकात दाब एक-दोन बारच असतो. त्यामुळे काटेकोर अर्थाने ती एस्प्रेसो नव्हे. आजही बाजारात 'एस्प्रेसो मेकर' म्हणून मिळणारी काही स्वस्त यंत्रे केवळ वाफेच्या दाबावर चालतात. त्यांत पंप नसतो. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर ती यंत्रे १९०१ मध्ये अडकली आहेत. त्यांची कॉफी वाईट असेलच असे नाही. मात्र ती एस्प्रेसोच्या आधीच्या काळातील आहे.

१५/
कोंडी फोडली आकिल्ले गाज्जा याने. मिलानमध्ये त्याचे कॉफीचे दुकान होते. वाफेचा करपट वास टाळून पाण्याला दाब कसा द्यायचा, हा प्रश्न त्याने १९३८ मध्ये एका पेटंटपर्यंत नेला. लगेच युद्ध आले. काम पूर्णत्वास गेले ते १९४७-४८ मध्ये, तरफ आणि स्प्रिंग यांवर चालणाऱ्या दट्ट्याच्या रूपाने.

१६/
दट्ट्याचे तत्त्व मराठी घराला नवे नाही. चकलीच्या सोऱ्यात पीठ भरून वरून दाबतात, तसेच येथे गरम पाणी नळकांड्यात घेऊन दट्ट्याने भुकटीतून ढकलले जाते. तरफ खाली ओढली की स्प्रिंग दबते आणि पाणी आत येते. तरफ सोडली की स्प्रिंग उलगडताना पाण्यावर जवळपास नऊ बार दाब देते. उष्णता आणि दाब यांची जन्मगाठ येथे सुटली. पाणी उकळीच्या खाली ठेवूनही दाब कितीतरी पट वाढवता येऊ लागला.

१७/
या दाबाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. ताज्या भाजलेल्या बियांतील कार्बन डायऑक्साइड दाबाखाली पाण्यात विरघळतो आणि पेल्यात उतरताच सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. कॉफीतील तेल त्यात मिसळते आणि वर तांबूस-सोनेरी थर धरतो. ग्राहकांना हा फेस म्हणजे भेसळ किंवा मळ वाटला.

१८/
गाज्जाने शंकेलाच नाव दिले : 'क्रेमा काफे', म्हणजे कॉफीची साय. यंत्रावर लिहिले, 'वाफेविना चालते'. १९०६ मध्ये जी वाफ प्रगतीची निशाणी होती, ती चाळीस वर्षांत जुनाटपणाची खूण ठरली. आज साय नसलेली एस्प्रेसो पाहून ग्राहक नाक मुरडतो. उत्तम चवीचे लक्षण म्हणून मानली जाणारी गोष्ट एका जाहिरातीने रुजवली, हे परंपरेच्या अभ्यासकाने विसरू नये.

१९/
तरफ ओढणे हे मेहनतीचे काम होते. दिवसभर शेकडो पेले काढणाऱ्या कामगाराचे खांदे भरून येत. तरफ हातातून निसटली तर ती वेगाने वर येऊन इजा होण्याचा धोका असे. १९५८ ते १९६३ हा इटलीच्या 'आर्थिक चमत्कारा'चा काळ. शहरे वाढली, बार गजबजले आणि मनुष्याच्या दंडातील बळाच्या जागी वीज आणणे भाग पडले.

२०/
एर्नेस्तो व्हालेंते यांच्या फाएमा कंपनीने १९६१ मध्ये 'ई-६१' हे यंत्र आणले. १५ फेब्रुवारी १९६१ रोजी इटलीतून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणावरून हे नाव. विजेवरील पंप नऊ बारचा स्थिर दाब देऊ लागला. पाणी बॉयलरमध्ये बुडालेल्या नळीतून जाताना तापे, म्हणून प्रत्येक पेल्यासाठी ताजे पाणी मिळे. गाळणी बसवण्याचा जड पितळी भाग गरम पाण्याच्या अभिसरणाने सतत उबदार राही. उभा बंब आडवा झाला.

२१/
ई-६१ च्या रचनेतला एक भाग घरगुती वापरासाठी फार महत्त्वाचा ठरला. कॉफी काढून झाल्यावर उरलेला दाब सोडून देणारी झडप. ती नसेल तर गाळणी काढताना ओला गाळ अंगावर उडतो. आज अनेक घरगुती यंत्रांत विजेवर उघडझाप करणारी त्रिमुखी झडप हेच काम करते. यंत्र निवडताना दुकानदार दाबाचा आकडा सांगतो. ही झडप आहे का, हे विचारावे लागते.

२२/
आणि त्या आकड्याविषयी. डब्यावर '१५ बार' किंवा '२० बार' असे ठळक छापलेले असते. तो पंपाच्या कमाल क्षमतेचा आकडा. इटालियन एस्प्रेसोच्या जतनासाठी १९९८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे मानक वेगळे सांगते : ७ ग्रॅम भुकटी, सुमारे ८८ अंशांचे पाणी, ९ बार दाब, २५ सेकंद, पेल्यात २५ मि.ली. म्हणजे गाज्जाच्या स्प्रिंगने जो दाब दिला, तोच मापदंड झाला. डब्यावरील आकडा वाढल्याने चव वाढत नाही.

२३/
घरात यंत्र आले कसे? ई-६१ च्याच वर्षी ला पाव्होनी कंपनीने 'एउरोपिक्कोला' हे छोटे तरफयंत्र आणले. यात स्प्रिंगही नाही. दाब देणारा हात हाच पंप. १९७३ च्या 'लिव्ह अँड लेट डाय' या चित्रपटात जेम्स बाँड आपल्या घरी याच यंत्रावर कॉफी करतो आणि त्याचा वरिष्ठ साशंकतेने पाहत राहतो. घरगुती एस्प्रेसो तेव्हा गरजेपेक्षा ऐटीचा भाग होती, हे त्या प्रसंगात नेमके टिपले आहे.

२४/
खऱ्या अर्थाने यंत्र घरगुती झाले ते विजेच्या चुंबकाने पुढेमागे हलणाऱ्या लहान पंपामुळे. ई-६१ चा फिरता पंप आणि त्याची मोटर ओट्यावर मावणारी नव्हती. हा नवा पंप मुठीत मावे. १९७७ च्या 'गाज्जा बेबी'सारख्या यंत्रांनी बारमधला दाब स्वयंपाकघरात आणला. १९८५ मध्ये साएको कंपनीने बिया दळण्यापासून पेला भरण्यापर्यंत सर्व काही आपोआप करणारे घरगुती यंत्र काढले. १९८६ मध्ये नेस्प्रेसोच्या कुप्या आल्या.

२५/
या प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न नव्याने सुटला : कौशल्य कोणाच्या हाती? तरफयंत्रात ते वापरणाऱ्याच्या हातात असते, पंपाच्या यंत्रात निम्मे यंत्राकडे जाते, स्वयंचलित यंत्रात बहुतांश आणि कुपीत ते थेट कारखान्याकडे. घरासाठी यंत्र निवडणे म्हणजे मुळात या प्रश्नाचे उत्तर देणे. कुपी सोपी असते. बदल्यात कॉफी कोणाकडून आणि कोणत्या भावाने घ्यायची, हे स्वातंत्र्य बहुधा आकसते.

२६/
अर्धस्वयंचलित यंत्र घेतल्यास निम्मे पैसे दळणयंत्रासाठी राखावेत, असे जाणकार सांगतात. कारण पंप दाब देऊ शकतो, पण त्याला रोध करते ती भुकटी. ती बारीक रव्याहून बारीक हवी, मैद्यासारखी मात्र नव्हे. जाड असेल तर पाणी दहा सेकंदांत वाहून जाते आणि कॉफी आंबट, पाणचट लागते; फार बारीक असेल तर थेंब थेंब ठिबकते आणि कडवट होते. १९४८ नंतरच्या सर्व यंत्रांना हा नियम लागू आहे.

२७/
आता स्वच्छता. बारमध्ये हे काम दुकान बंद करताना कामगार करत असे आणि ते ग्राहकाच्या नजरेआड असे. यंत्र घरात आले तेव्हा बारची कॉफी आली, पण तो कामगार आला नाही. घरगुती उपकरणांच्या इतिहासात वारंवार दिसणारी गोष्ट हीच : जाहिरातीत श्रम वाचतो, प्रत्यक्षात तो दुसऱ्या वेळी, दुसऱ्या कोणाच्या वाट्याला जातो.

२८/
साय देणारे तेलच जाळीवर, झडपेत आणि गाळणीत चिकटून खवट होते. त्रिमुखी झडपेच्या यंत्रात छिद्र नसलेली गाळणी बसवून, त्यासाठीची पूड घालून, पंप काही सेकंद चालू-बंद करतात. पाणी उलट मार्गाने झडप धुऊन बाहेर पडते. नंतर साध्या पाण्याने तेच पुन्हा. झडप नसलेल्या यंत्रात किंवा तरफयंत्रात हे करू नये. तेथे जाळी काढून घासावी. दुधाची वाफनळी वापरल्यावर तत्क्षणी पुसावी आणि क्षणभर वाफ सोडावी, अन्यथा दूध आत ओढले जाऊन करपते.

२९/
दुसरा शत्रू क्षार. जड पाणी तापले की कॅल्शियम कार्बोनेट बॉयलरला धरते. बोअरवेलच्या पाण्यावर गीझर चालवणाऱ्या महाराष्ट्रातील घरांना हा पांढरा थर परिचित आहे. तांब्याचा बंब चिंचेने उजळावा, तसे येथे सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण फिरवतात. मात्र आधी उत्पादकाची सूचना पाहावी, कारण अ‍ॅल्युमिनियमचा बॉयलर आम्लाने खराब होऊ शकतो. निव्वळ आरओचे पाणीही निर्धोक नाही. त्यात क्षार अत्यल्प असल्याने धातू झिजू शकतो आणि काही यंत्रांतील पाणीपातळीचा संवेदक चुकतो.

३०/
महाराष्ट्रात 'एस्प्रेसो' हा शब्द मात्र वेगळ्याच यंत्राने पोहोचवला. लग्नाच्या स्वागतसमारंभात कोपऱ्यात फुसफुसणारे यंत्र, दूध-साखर-झटपट कॉफीच्या मिश्रणात सोडलेली वाफ, वर चॉकलेटची भुकटी. त्यात दाबाखालून कॉफी जातच नाही. वाफ केवळ दूध तापवते आणि फेसाळते. तंत्राच्या दृष्टीने ती एस्प्रेसो नव्हे. तरीही वाफेचा बॉयलर, समोर उभे गिऱ्हाईक आणि मागणीबरहुकूम भरलेला पेला पाहता १९०६ च्या मिलानशी तिचे नाते आजच्या काही कॅफेंपेक्षा जवळचे आहे.

३१/
म्हणून 'खरी एस्प्रेसो कोणती?' या वादाला इतिहासात एकच उत्तर नाही. १८८४ ची घाण्यातली, १९०६ ची करपट, १९४८ ची सायीची, १९६१ ची पंपाची, १९८६ ची कुपीतली. प्रत्येकीला आपल्या काळात लोकांनी खरीच मानले. परंपरा जपायची तर तिचे वय ठाऊक असावे, तिच्यात कोणाचे हात राबले आणि कोणत्या देशाची भूमी तुडवली गेली, हेही ठाऊक असावे. बाकी रोजचे काम साधे आहे : पेला रिकामा झाला की जाळी धुवावी. (समाप्त)